तांबूस चेहरा आणि प्रकाशाचे यंत्र

लग्नसराई जवळ आली की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डॉक्टर, चेहरा लाल होतो, आग होते, लेसर करून घेऊ का?" उधना-लिंबायत भागांतील आपल्या खानदेशी कुटुंबांतील मुलीही आता हे विचारू लागल्या आहेत. माझे उत्तर बहुधा 'आत्ता नको' असे असते. त्याचे कारण समव्यवसायी बंधुभगिनींपुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रकाशोपचाराविषयी माझ्या मनात अढी नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाश वापरणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोड आणि सोरायसिससाठी ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण आपण नेहमी वापरतो, व ते आपल्या कातडीला चांगले मानवतात. चेहऱ्याच्या लालीची गोष्ट मात्र वेगळी आहे. योग्य तरंगलांबी व योग्य कालावधी साधल्यास भोवतालच्या ऊतींना न दुखावता नेमके लक्ष्य तापवता येते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. येथे लक्ष्य असते विस्फारलेल्या केशवाहिन्यांतील हिमोग्लोबिन; साधन असते ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर किंवा आयपीएल. अडचण अशी की, याच पट्ट्यात मेलॅनिनही प्रकाश शोषून घेते. गोऱ्या कातडीवर निर्धोक ठरणारी मात्रा आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीच्या वरच्याच थरात अडते आणि तेथे भाजते. लाली जाते, काळा डाग महिनोन्महिने राहतो. मी पाहिलेल्या यंत्रांच्या माहितीपत्रकांत चेहरे बहुधा गोरेच होते, हे जाता जाता नमूद करतो.

परंतु खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. ही लाली आली कोठून? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना रोझेशिया नसतोच. गोरे होण्यासाठी महिनोन्महिने चोळलेले स्टेरॉइडयुक्त मलम असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे लावत होते. २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद करण्यात आली. तरी रिकामी ट्यूब दाखवून नवी मागणारे रुग्ण आजही मला भेटतात. 'कोणते मलम लावता?' असे विचारले तर उत्तर 'काहीच नाही' असे येते. 'गोरेपणाची क्रीम कोणती?' असे विचारले की ट्यूब पर्समधून बाहेर येते. पातळ झालेल्या अशा कातडीवर प्रकाश टाकणे मला अनुचित वाटते.

मलम थांबविल्यावर पुढचे काही आठवडे कठीण जातात. चेहरा अधिकच लाल होतो, पुटकुळ्या उठतात. माझ्या एका रुग्ण मुलीने याच काळात धीर सोडला व अन्यत्र जाऊन आयपीएल करून घेतले. तीन आठवड्यांनी ती परतली, तेव्हा दोन्ही गालांवर यंत्राच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी काळे पट्टे होते. लग्न पुढे ढकलावे लागले. तिच्या आईने मला एवढेच विचारले, "तुम्ही त्यांना फोन का नाही केला?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून कुटुंबवैद्यांना विनंती की, या काळात अशी मुलगी तुमच्याकडे आली तर तिला पुन्हा तेच मलम लिहून देऊ नका व यंत्राकडेही पाठवू नका. आधी तिच्या त्वचारोगतज्ज्ञाला एक फोन करा. आणि यंत्र बाळगणाऱ्या मित्रांनो, कानापुढील छोट्या भागावर चाचणी घेऊन काही आठवडे थांबायला रुग्णाला सांगा, लग्नाची तारीख कितीही जवळ आलेली असो.