खाऱ्या टाकीचा दिवा

हौसेने समुद्री मत्स्यालय मांडणारी मंडळी मासे, मीठ, पंप यांवर हजारो रुपये खर्च करतात आणि दिव्याची पाळी आली की दुकानातला सर्वांत झगझगीत दिवा उचलून आणतात. माशांपुरते ते चालतेही. माशांच्या टाकीत दिवा लागतो तो मुख्यतः आपल्याला ते दिसावेत म्हणून! पण टाकीत समुद्री शेवाळ, समुद्रपुष्प किंवा प्रवाळ असेल तर दिवा हेच त्यांचे जेवण असते.

प्रवाळ हा प्राणीच. पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शेवाळ वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. घरभाडेच म्हणा ना! प्रकाश अपुरा पडला तर यजमान हळूहळू खंगतो. प्रकाश एकाएकी फार वाढला किंवा पाणी तापले, तर हे शेवाळ बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापल्यामुळे हेच घडले.

दुकानदार वॅट आणि ल्युमेनचे आकडे सांगतो. त्यांना भुलू नये. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश अधिक उजळ वाटतो. समुद्रात मात्र तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर जातो. त्यामुळे प्रवाळातले शेवाळ निळ्या प्रकाशावर पोसलेले असते. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप 'पार' या नावाने ओळखतात. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. तो मोजणारे यंत्र महाग असते. चार हौशींनी मिळून घेतले तर परवडते.

मात्र कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना भारतात २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. 'सगळेच ठेवतात हो' हे दुकानदाराचे आश्वासन कोर्टात उपयोगी पडत नाही. कौलर्पासारखे हिरवे समुद्री शेवाळ टाकीला शोभाही देते आणि पाण्यातले नायट्रेटही शोषते. त्याला एवढा प्रखर दिवाही लागत नाही.

दिव्यांत पूर्वी मेटल हॅलाइडचा दबदबा होता. २५० वॅटचा असा दिवा रोज दहा तास लावला तर महिन्याला ७५ युनिट वीज जाते, शिवाय पाणी तापते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते नको. निळ्या ट्यूबलाइटचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो. पण ट्यूब पेटत असली तरी तिचे तेज उतरते, म्हणून साधारण वर्षाने ती बदलावी लागते. आज एलईडीच सोयीचा, कारण त्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. भिंगामुळे त्याचा प्रकाश एका जागी एकवटतो, एवढे लक्षात ठेवावे.

नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण लावू नये. निम्म्यापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्यावा. रोज आठ ते दहा तास पुरेत; टायमर लावला की गावाला गेल्यावरही चिंता नाही. प्रवाळ तपकिरी होऊ लागले तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे. फिकट पडू लागले तर आधी थर्मामीटर पाहावा, मग दिव्याला हात लावावा.