परीक्षा सोपी कोठें?

चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर मोटार शिकावयास निघालेला सुशिक्षित गृहस्थ पहिला प्रश्न कोणता विचारतो? गाडी नीट कशी हांकावी, हा नव्हे. परीक्षा कोठें सोपी असते, हा! मित्रमंडळींपाशी उत्तर तयारच असतें. "शहरांत कशाला देतां? अमक्या गांवीं चला. दहा पावलें गाडी पुढें नेली कीं झालें. तेथें आपला माणूस आहे." मुलासाठीं चार शाळा पारखून घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या परीक्षेचें ठिकाण मात्र तेथील ढिलाई पाहून निवडतो. या वृत्तीविरुद्धच आमची तक्रार आहे.

ही निवड आपल्या हातीं आली ती अलीकडेच. पूर्वी ज्या हद्दींत राहावयाचें, धंदा करावयाचा किंवा मोटार शिकावयाची, तेथील कार्यालयाकडेच जावें लागे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनें आपल्या राज्यांतील कोणत्याहि परवाना-अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा दिली. नोकरीमुळें घरापासून दूर राहणाऱ्याची सोय व्हावी, हा या सवलतीचा उचित उपयोग. आम्हीं तिचा उपयोग सौम्य परीक्षक धुंडाळण्याकडे केला!

यावर कोणी म्हणतील, आम्ही प्रौढ, जबाबदार माणसें. बेफाम तरुणांची परीक्षा घ्या, आमची कशाला? पण जबाबदारीची जाणीव डोक्यांत असते आणि क्लच पायाखालीं असतो. प्रस्तुत लेखक एकावन्नाव्या वर्षीं यांत्रिक चाचणीमार्गावर परीक्षेस गेला, तेव्हां चढावर थांबविलेली गाडी पुन्हां सुरू करतांना चांगली हातभर मागें घसरली. यंत्राला पांढरे केस दिसत नाहींत. विशींतल्या पोरांदेखत नापास होऊन परततांना मान खालीं गेली, हें कबूल. पण तीच गाडी भर घाटांत मागें घसरली असती तर? कायदा सात दिवसांनीं पुन्हां परीक्षेस बसूं देतो. घाट देत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परीक्षा हें सर्वत्र सोंगच आहे, मग त्यासाठीं कष्ट कां घ्यावे? दिल्लींतील परवान्यांविषयींची एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत परवाना मिळविणाऱ्यांपैकीं सुमारें ७१ टक्के लोकांनीं परीक्षा दिलीच नव्हती. आणि स्वतंत्रपणें तपासतां ६२ टक्के लोक परवाना मिळाला त्या वेळीं गाडी चालविण्यास अपात्र आढळले. आंकडे लाजिरवाणे खरेच. परंतु हें सोंग उभें राहिलें कोणाच्या पैशावर? दलाल गिऱ्हाइकावांचून जगत नाहीं. घर सडलें आहे म्हणून त्यांतील अधिक सडका कोपरा मी शोधणार, हा युक्तिवाद सुशिक्षितांस शोभत नाहीं. आठाच्या आंकड्यांत गाडी फिरवितां आली म्हणजे बाजारच्या गर्दींत ती चालवितां येते असें नव्हे, हेंहि खरें. पण ज्याला तेवढेंहि साधत नाहीं, त्यानें गर्दींत शिरावें काय?

मग ठिकाण निवडावें तरी कसें? दोनच गोष्टी पाहाव्या. तेथें, माणसाच्या नजरेनें असो वा पुण्यानजीक भोसरीस आहे तशा यंत्राच्या साहाय्यानें असो, उमेदवाराची पारख खरोखर होते काय? आणि तेथील रस्ते, वर्दळ, चढउतार आपल्या रोजच्या वाटेसारखे आहेत काय? मान्यताप्राप्त प्रशिक्षण-केंद्रांतून उत्तीर्ण होणाऱ्यास कार्यालयाच्या चाचणींतून सूट देण्याची तरतूद २०२१ सालीं झाली. तें केंद्रहि याच कसोटीवर निवडावें. 'येथें कोणी नापास होत नाहीं' अशी ज्या ठिकाणाची ख्याति असेल, तेथें चुकूनहि पाऊल टाकूं नये.

२०२२ सालीं या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्या प्रत्येक मृत्यूचें खापर परीक्षेवर फोडतां येणार नाहीं. परंतु परवाना हातीं येतांच रविवारीं मुलाबाळांना मागें बसवून जो निघणार, त्यानें आपणांस गाडी येते कीं नाहीं, हें आधीं एकदां तरी कडक परीक्षकाकडून समजून घ्यावें. त्या मुलांना परीक्षेचें ठिकाण निवडावयास कोणी विचारलेलें नसतें.