सदतीस मिनिटांचा धीर
थोड्या पैशांतला चित्रपट गाजला, की वर्तमानपत्रांत आकड्यांचीच आतषबाजी होते. जपानच्या शिनइचिरो उएदा ह्यांच्या ‘वन कट ऑफ द डेड’चे असेच झाले. खर्च सुमारे ३० लाख येन, उत्पन्न ३०० कोटी येनांवर! गुणाकार अद्भुत खराच. परंतु त्यावरून ‘कलेला पैसा लागत नाही’ असा निष्कर्ष जे काढतात, त्यांच्याशी माझे जमत नाही.

टोकियोतील ‘एनबू सेमिनार’ ह्या शिक्षणसंस्थेच्या कार्यशाळेतून हे काम उभे राहिले. नट बहुतेक अनोळखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका लहान चित्रगृहात सहा दिवस खेळ झाले. एप्रिल २०१८ मध्ये इटलीत उदिनेच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला दुसरी पसंती दिली. त्याच जूनमध्ये तो टोकियोत रीतसर लागला, तेव्हाही चित्रगृहे दोनच. मग पाहून आलेल्यांनीच इतरांना धाडले आणि चित्रगृहे तीनशेवर गेली. गंमत ही, की धाडताना पुढची गोष्ट सांगायची नाही, हा अलिखित दंडक लोकांनी पाळला.

त्याला कारण पहिली ३७ मिनिटे. कॅमेरा एकदाही न थांबता चालतो. उठून चालणारी प्रेते, म्हणजे तिकडचे ‘झोंबी’, माणसांच्या मागे लागतात. नट अडखळतात, संवाद उगाच लांबवतात. जाणत्याने कपाळाला आठी घालावी असे कच्चे काम! उरलेल्या तासाभरात त्या एकेका अडखळण्यामागची धांदल उलगडते. अधिक सांगत नाही. दंडक मलाही लागू आहे.

आपल्या संगीत रंगभूमीला ही धांदल परकी नाही. पुढचे पात्र रंगपटात अडकले, की गायक नट पद लांबवी, ऑर्गनवाला मुकाट्याने सूर धरून ठेवी आणि प्रेक्षक खुशीत ‘वन्समोअर’ देत. वाहवा गायकाची, खेळ सावरला तो साथीदाराने. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण चित्रपटाचा उत्तरार्ध पाहताना मला हसता हसता ह्या साथीदारांचीच आठवण येत होती.

श्रेयाचा प्रश्न पडद्याबाहेरही आलाच. ऑगस्ट २०१८ मध्ये, यश ऐन भरात असताना, ऱ्योइची वादा ह्या नाट्यदिग्दर्शकांनी मूळ कल्पना आपल्या मंडळीच्या ‘घोस्ट इन द बॉक्स’ ह्या नाटकातली असल्याचे सांगितले. २०१९ मध्ये समेट होऊन मूळ कृतीचे श्रेय दोघांना मिळाले. चित्रपट पडता, तर हा तंटा उपजलाच नसता, हे खरे. पण म्हणून तो क्षुल्लक नव्हे. चीज कोणी बांधली आणि मैफल कोणी मारली, ह्यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अबोले धरलेले आहेत.

२०२२ मध्ये कान महोत्सवाचा प्रारंभ मिशेल हाझानाव्हिसियुस ह्यांच्या फ्रेंच अवताराने झाला. खर्च कित्येक पटींनी अधिक, नट नामांकित. मला तो फिका वाटला. ओळखीचा नट अडखळला, की तो अडखळण्याचा अभिनय करतो आहे हे लगेच कळते.

तेव्हा नवल ३० लाखांचे नाही. नवल त्या लहान चित्रगृहाचे, ज्याने अनोळखी मंडळींना आधी सहा दिवस दिले आणि नंतर पुन्हा बोलावले. आपल्याकडे बहुपडदा चित्रगृहांत शुक्रवारी लागलेल्या चित्राचे भवितव्य सोमवारी ठरते. तोंडातोंडी कीर्ती पसरायला अवधी कुठला? आपल्या जुन्या संस्थांची सभागृहे मात्र दुपारी रिकामी असतात. एक रविवार तरी अशा चित्राला द्यायला काय हरकत आहे?