भुताचें दारिद्र्य

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें आपल्या मोबाइलवर एक जुना चित्रपट लावून आम्हांस जवळ बोलाविलें. ‘आबा, हें पाहा, काय विनोदी आहे!’ असें म्हणून तो आधींच हंसूं लागला होता. पाहतों तों रामसे बंधूंचा १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’! विनोद करावा म्हणून कांहीं तो काढलेला नव्हता. एके काळीं त्यानें थिएटरें भरलीं होतीं, आणि आम्हांस स्वतःस त्यानें एकदां मोठ्याच पेंचांत टाकिलें होतें. तें पुढें सांगूं.

या रामसे घराण्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. वडील फत्तेचंद रामसिंघानी यांचें कराचीस रेडिओचें दुकान होतें. फाळणीनंतर ते मुंबईस आले व पुढें चित्रपटाच्या धंद्यांत पडले. त्यांचा १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ हा चित्रपट साफ आपटला. परंतु त्यांत पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा चढवून चोरी करावयास येतात, तेवढ्या प्रवेशाला मात्र प्रेक्षक दचकत, ही गोष्ट मुलांनीं हेरून ठेविली. मुलगे सात. कोणी लेखन पत्करिलें, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनि, कोणी संकलन. तुलसी व श्याम यांनीं दिग्दर्शन घेतलें. मग सारें कुटुंब नटमंडळींसह महाबळेश्वरास गेलें, विश्रामगृहांत उतरलें, आणि घरच्या स्त्रिया स्वयंपाक करीत असतां १९७२ सालचा ‘दो गज ज़मीन के नीचे’ तयार झाला. असा संसार थाटून चित्रपट काढणाऱ्यांच्या गरिबीस आम्ही तरी हंसणार नाहीं. आमचें म्हणणें निराळेंच आहे.

‘पुराना मंदिर’ची कथा थोडक्यांत अशी. दोनशें वर्षांपूर्वीं सामरी नांवाच्या एका नराधमास राजानें धरिलें, त्याचा शिरच्छेद केला, धड देवळामागें पुरलें आणि शिर पेटींत बंद करून वाड्यांत ठेविलें. मरण्यापूर्वीं त्यानें शाप दिला कीं, राजकुळांतील प्रत्येक स्त्री प्रसूतिकाळीं मरेल. बीज मुळींच वाईट नाहीं. धड एकीकडे, शिर दुसरीकडे, आणि मध्यें त्या कुळांतील एक उपवर मुलगी! एवढ्या सामग्रीवर एखादा धिमा लेखक प्रेक्षकांस श्वास रोखून बसवील. परंतु रामसेंचा या बीजावर भरंवसा नाहीं. घटकाभर कांहीं दाखविलें नाहीं तर प्रेक्षक उठून जाईल, अशी त्यांस धास्ती. म्हणून एक गाणें, मग मारामारी, मग स्नानगृह, मग जगदीप यांचें ‘शोले’चें विडंबन. हें विडंबन मूळ कथेशीं कांडीचाही संबंध नसतां इतकें लांबतें कीं, पेटींतलें शिर बिचारें कंटाळून झोंपीं गेलें असावें.

सामरीचें काम करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रुरकीस अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. उंची व चेहरा असा कीं, नुसते दारांत उभे राहिले तरी पुरे. पण त्यांस नुसतें उभें राहूं देतो कोण? वर हिरवा दिवा, मागें तांबडा दिवा आणि कानठळ्या बसविणारें वाद्य!

भरतमुनींनीं भयानक रसाचीं कारणें सांगितलीं आहेत: विकृत शब्द, भूतदर्शन, कोल्ह्याघुबडांची ओरड, ओसाड घर, अरण्य. यांतून भूतदर्शन वगळा. बाकीच्यांस पैसा पडत नाहीं. घुबड मानधन मागत नाहीं. मुनींनीं भयानकाचा वर्ण काळा सांगितला आहे व तांबडा रौद्राकडे दिला आहे. रामसेंच्या पडद्यावर काळ्यास कोपरासुद्धां उरत नाहीं. शिवाय भय आणि किळस यांचा जो घोटाळा या सर्व हलक्या चित्रपटांत होतो, तोही मुनींनीं बीभत्स हा वेगळा रस मानून आधींच निवारिला होता. सडका चेहरा पाहून मनुष्य तोंड फिरवितो. भ्यालेल्या मनुष्यास तोंड फिरवितांच येत नाहीं.

पैसा नव्हता, ही सबब कोणी सांगूं नये. १९४२ सालीं अमेरिकेंत आरकेओ कंपनीनें व्हॅल ल्यूटन नांवाच्या निर्मात्याच्या हातीं ‘कॅट पीपल’ एवढें नांव दिलें आणि खर्चास दीड लक्ष डॉलरांची मर्यादा घातली. हॉलिवुडच्या मानानें हें दारिद्र्यच. त्यांतला जिनाही दुसऱ्या एका चित्रपटाचा उरलेला. एक स्त्री रात्रीं बागेच्या भिंतीकडेनें एकटी चालली आहे. मागें दुसऱ्या स्त्रीचीं पावलें वाजत आहेत. मग तीं वाजेनाशीं होतात. येथें आमच्या मानेवर कांटा उभा राहिला, तो इतक्यांत फिस्कारल्यासारखा जो आवाज आला, तो बस येऊन थांबल्याचा! श्वापद दिसलेंच नाहीं. तें दाखविण्यास पैसा लागला असता. न दाखविण्यास धीर लागला.

आतां आमची गोष्ट. १९८५ सालच्या हिवाळ्यांत आम्ही एका खेडेगांवच्या शाळेंत संस्कृत शिकवावयास नुकतेच लागलों होतों. जत्रेंत टूरिंग टॉकीजचा तंबू आला व त्यांत हाच चित्रपट लागला. दुसरे दिवशीं चार मुलें, रात्रीं तंबूंत गेलीं होतीं म्हणून, मुख्याध्यापकांनीं आमच्यापुढें आणून उभीं केलीं. काय पाहिलेंत, असें आम्हीं दरडावून विचारलें. तिघे खालीं पाहूं लागले. चौथा, सर्वांत लहान, म्हणाला, ‘सर, पेटी उघडस्तवर लई भ्या वाटलं. मुंडकं दिसलं, आन् मग कायबी नाय.’

वर भरतमुनींच्या आधारानें आम्हीं जें पाल्हाळ लाविलें, तें सारें या दोन वाक्यांत आहे. आम्हांस तें त्या क्षणींच उमगलें, कारण आदल्या रात्रीं त्याच तंबूंत, अगदीं मागें, कानटोपी व मफलर गुंडाळून आम्हीही बसलों होतों आणि पेटी उघडेपर्यंतच भ्यालों होतों. मुख्याध्यापक शेजारीं उभे होते. आम्हीं त्या मुलास उद्धट म्हटलें आणि इतरांस दोन तर त्यास चार छड्या मारिल्या. त्यानें आम्हांस तंबूंत पाहिलें होतें कीं नाहीं, हें आजतागायत आम्हांस ठाऊक नाहीं. मार खातांना तो आमच्याकडे पाहत होता, एवढें आठवतें.

नातू हंसतच होता. पेटीपाशीं गोष्ट आली तेव्हां मात्र तो गप्प झाला व त्यानें आमचा हात धरिला. झांकण वर गेलें, शिर दिसलें, आणि पुन्हां त्याचें खो खो सुरू झालें. चित्रपट थांबवून आम्हीं त्यास ती छडीची हकीकत सांगितली.

‘मग आबा, तुम्ही त्याला सॉरी म्हणालात का?’ त्यानें विचारलें.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याचा पत्ता आमच्यापाशीं नाहीं.