मराठीची घरशाळा : साहित्य आपणच तयार करायला हवे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद सर्वांना झाला, आम्हालाही झाला. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात प्रश्न वेगळाच आहे. इथल्या मराठी घरातली कितीतरी मुले आज मराठी बोलतात, पण वाचू शकत नाहीत. कन्नड किंवा इंग्रजी शाळेत पाचवीला असलेल्या मुलापुढे हे वर्तमानपत्र ठेवून पाहा. ठळक मथळा तो एकेक अक्षर लावत वाचील आणि जोडाक्षर आले की थांबेल. आजोबांशी तासन्‌तास गप्पा मारणाऱ्या या पोराला आजोबांनी लिहिलेली चिठ्ठी मात्र वाचता येत नाही.

कारणे वाचकांना पाठ आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी, असे प्रत्येक राज्याला सांगण्यात आले. पुढे मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की सरकार मातृभाषेचे माध्यम सक्तीचे करू शकत नाही. आपल्याकडच्या अनेक पालकांनी या स्वातंत्र्याचा अर्थ इंग्रजी शाळेची फी भरून लावला, हेही सांगितले पाहिजे. त्यातच कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत कन्नड शिकवणे बंधनकारक आहे. इंग्रजी, कन्नड आणि बहुधा हिंदी एवढे झाल्यावर वेळापत्रकात मराठीला तास उरत नाही.

म्हणून घरशाळा. मुलाला शाळेतून काढा असे आमचे म्हणणे नाही. शाळा सुटल्यावर घरातला अर्धा तास एवढाच तिचा पसारा. आता प्रश्न साहित्याचा.

बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, पण ती महाराष्ट्रातल्या शाळेच्या क्रमाने लिहिलेली. कर्नाटक शासनही मराठी माध्यमाची स्वतःची पुस्तके छापते, ती मराठी शाळेत जाणाऱ्यांसाठी. कन्नड शाळेत शिकून घरी मराठी बोलणारे मूल या दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत सापडले आहे. मोबाइलवर ‘मराठी बाराखडी’ म्हणून जे मिळते, त्यातले बरेचसे हिंदीवरून उचललेले दिसते. ळ चा पत्ता नसतो, ‘दुसऱ्या’ चा रफार भलतीकडेच चढलेला असतो आणि ल, श हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ल आणि शेंडीचा श ठरवून दिला, तो या मंडळींच्या गावीही नसतो.

तेव्हा हे साहित्य घरीच करावे. त्यासाठी लागणारा मोबाइल बहुतेक घरात आलेला आहे. आम्ही काही पालकांना घेऊन हे करून पाहत आहोत. घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंचे फोटो मुलांनीच काढायचे: सूप, विळी, जाते, कुळव, इरले, रताळ्याचा वेल. फोटोखाली मोठ्या अक्षरात नाव लिहायचे, चार चार चित्रांचे पान करून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचे. ‘अ अननसाचा’ शिकताना जे अननस आमच्या मुलाने कधी पिकताना पाहिले नाही, त्यापेक्षा स्वतः फोटो काढलेले जाते त्याच्या लवकर ध्यानात राहते.

टंकलेखनात एक गोष्ट सांभाळावी. कळफलक ‘मराठी’ च निवडावा, ‘हिंदी’ नव्हे, म्हणजे ऱ्य, ॲ, ळ ही अक्षरे सहज हाती येतात. आणि सर्व मजकूर युनिकोडमध्ये करावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की त्याची चिन्हांची खिचडी होते, हे ज्यांनी एकदा तरी स्मरणिका काढली आहे त्यांना सांगायला नको.

यापेक्षा मोलाचे साहित्य आवाजाचे आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द म्हणून पाहा. च एकच लिहितो, उच्चार दोन. तसेच जगातला ज वेगळा आणि जगण्यातला ज वेगळा. ही खूण लिपी दाखवत नाही, आणि कन्नड किंवा हिंदीतून अक्षरे शिकलेल्या मुलाला ती कोणी सांगतही नाही. उपाय एकच, कानावर पडणे. आजीला शेजारी बसवून मोबाइलवर गोष्ट ध्वनिमुद्रित करावी आणि तीच गोष्ट मोठ्या अक्षरात छापून मुलाच्या हाती द्यावी. ऐकत ऐकत बोट फिरवू द्यावे. पाढे आणि अंकही असेच. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये पंचवीस म्हणताना आधी वीस येतात मग पाच, मराठीत आधी पाच. म्हणून ‘त्रेपन्न’ ऐकून मूल ३५ लिहिते. त्याला मठ्ठ म्हणण्याचे कारण नाही, त्याला रोज ऐकवले पाहिजे.

इथे आमच्यात एक वाद झाला. आजी ‘काय करालायस’ म्हणते, ते तसेच ठेवायचे की सुधारायचे? काही शिक्षकांचे मत सुधारावे असे पडले. आम्हाला ते पटत नाही. आवाज बोलीचा असावा, छापील मजकूर प्रमाण मराठीत असावा. दोन्हींतला फरक मुलाला चटकन कळतो आणि त्याची गंमतही वाटते. आजीची भाषा चुकीची आहे असे एकदा मुलाच्या मनात बसले की ते मराठीकडेच पाठ फिरवते.

कन्नडशी भांडण हवे असेही नाही. अक्का, अण्णा, तूप हे शब्द तिकडूनच आपल्या घरात आले. ळ तर कन्नड शिकणाऱ्या मुलाला आयताच येतो.

तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून चित्रमय गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत. लेखक, चित्रकार यांची नावे तशीच ठेवून त्या छापता येतात, भाषांतरही करता येतात. दहावीच्या मुलांनी कन्नडमधली एखादी गोष्ट मराठीत आणावी. दोन्ही भाषा पक्क्या होतील.

एक आक्षेप रास्त आहे. घरीच भागते म्हटल्यावर सरकार ३५०-अ ची जबाबदारी झटकणार नाही का? आणि मराठी शाळेचा पट आणखी घसरणार नाही का? धोका आहे. म्हणून ज्या गावात मराठी शाळा चालू आहे तिथे हे सगळे साहित्य आधी त्या शाळेच्या बाईंच्या, गुरुजींच्या हाती द्यावे आणि पालकांची बैठक शाळेतच भरवावी. शिक्षकांच्या रिकाम्या जागांसाठी निवेदने देणे थांबवायचे नाही. घरातली पुठ्ठ्याची कार्डे ही मागणी मागे घेतल्याची पावती ठरू नयेत.

मे महिन्याची सुटी हा योग्य वेळ. गावात ऐंशीच्या पुढची जी माणसे आहेत त्यांचे आवाज सर्वांत आधी घ्यावेत, प्रत्येक फाइलला नाव, गाव, तारीख घालावी आणि एक प्रत वाचनालयातल्या पेनड्राइव्हवर ठेवावी. मोबाइल पाण्यात पडतो, विकला जातो, नातवाच्या हातून सगळे पुसलेही जाते.