परक्या नांवाच्या ताटांतील आपलीं पिकें

गेल्या महिन्यांत भुसावळ येथें आमच्या घरच्या मंडळींचें एक जेवण हॉटेलांत झालें. घरगुती गोष्ट मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु त्या जेवणाचा संबंध थेट जमिनीशीं पोंचतो, म्हणून ती वाचकांपुढें मांडीत आहें.

माझे वडील बंधु यावलकडे केळीची शेती करितात. मी महसूल खात्यांत कारकुनी करून पेन्शन घेतलें. दादांच्या मुलानें शेतकीची पदविका घेतली असून, विहिरीजवळचा वीस गुंठ्यांचा पट्टा केळीखालून काढून आपणांस भाजीपाल्याकरितां द्यावा, असा त्याचा वर्षभर हट्ट चालला आहे. दादांचें उत्तर ठरलेलें: "केळीच्या जमिनींत कोबी लावणारा शहाणा मीं पाहिला नाहीं." शेवटीं मुलानें युक्ति केली. तो आम्हां सर्वांस एका लहानशा हॉटेलांत घेऊन गेला. तेथें चिनी, थाई, मलायी अशा निरनिराळ्या मुलुखांचे पदार्थ एकत्र करून, वर आपल्याकडील तिखटाचा हात मारून वाढतात. उणींपुरीं सहा टेबलें आणि छतास कागदी कंदील, एवढाच थाट.

परक्या अन्नाचें भुसावळास नवल नाहीं. 1870 सालीं मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यापासून या जंक्शनावर सर्व प्रांतांचे लोक उतरत आले आहेत. इडलीहि एके काळीं येथें पाहुणीच होती. तरीहि दादांनीं बशी पुढें सारून "मी घरीं जाऊन भाकरी खाईन" असें सांगितलें. माझेंहि मन खरें म्हणजे त्यांच्याच बाजूस होतें.

परंतु गांव नमुना बारांतील पिकांचीं नांवें तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याची खोड जात नाहीं. मीं बशींतील जिनसा मोजावयास लागलों. पहिला पदार्थ मंच्युरियन. याचा मंच्युरियाशीं कांहीं संबंध नाहीं. कलकत्त्यास जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनीं 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबांत तो प्रथम केला, असें सांगतात. आलें, लसूण व हिरवी मिरची घेऊन त्यांनीं गरम मसाल्याच्या जागीं सोयाबीनचा रस व मक्याचें पीठ घातलें, आणि कोंबडीचे तुकडे त्यांत सोडले. पुढें शाकाहारी लोकांकरितां कोंबडीची जागा कोबीनें घेतली. म्हणजे आमच्यासमोर होता तो कोबी, मका, मिरची, लसूण आणि गव्हाबरोबर आंबविलेलें सोयाबीन! दुसऱ्या बशींत पनीरावर शेंगदाण्याची दाट चटणी होती. जावा बेटाकडील ही तऱ्हा आमच्या वहिनींना मात्र घरच्या चटणीची बहीण वाटली. शेवटीं तळलेलीं केळीं आलीं, तेव्हां दादा प्रथमच हंसले. केळीचें मूळ घर त्याच आग्नेय आशियांत आहे हें मीं सांगितलें. त्यांना तें पटलें नाहीं. 2016 सालीं जळगांवच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा अभिमान फार वाढला आहे.

चिनी लोकांचा आणि आपल्या शेतीचा संबंधहि आजचा नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आछी नांवाच्या चिनी गृहस्थानें वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीच्या कांठीं जमीन घेतली, ऊस लाविला व साखरेचा कारखाना घातला. त्या जागेस अजून आछीपूर म्हणतात. कलकत्त्याची चिनी वस्ती आपली सुरुवात तेथून मोजते.

आतां मुख्य मुद्दा. मंच्युरियनच्या एका बशीस 180 रुपये पडले. त्यांत कोबी पावकिलो नसेल. त्या रकमेंत जागेचें भाडें, गॅस, नोकर हें सर्व आहे, हें मी जाणतों. हॉटेलवाल्यास लुटारू म्हणण्याची आपल्यांतील संवय मला मान्य नाहीं. पण मका घ्या. दादा तो ओलावा कापून देऊन विकतात; दोंडाईच्यासारख्या ठिकाणीं कारखान्यांत त्याचा स्टार्च निघतो; आणि पुड्यांतून परत आलेला तो आपण मुलांसमोर पैसे मोजून खातों. या सर्व प्रवासांत शेतकऱ्याचा हात पहिल्या पायरीवरच सुटतो. पुतण्याचें म्हणणें इतकेंच कीं, निदान दुसऱ्या पायरीवर उभें राहूं द्या.

त्याचा बेत कोंवळ्या मक्याचा आहे. रेशीम दिसूं लागतांच दोन-तीन दिवसांत कणीस खुडावयाचें. पीक सुमारें दोन महिन्यांत निघतें व हिरवा कडबा गुरांस राहतो. केळीस वर्ष लागतें आणि मे-जूनच्या एका वादळांत बाग आडवी होते, हें रावेर-यावलकरांस सांगावयास नको. ढोबळ्या मिरचीबद्दल मात्र माझा त्याला विरोध आहे. उन्हाळ्यांत पारा 45 च्या वर जाणाऱ्या मुलुखांत ती सावलीच्या जाळीशिवाय टिकणार नाहीं, आणि जाळीचा खर्च वीस गुंठ्यांस झेपणार नाहीं. थंडींत लावावी. शिवाय एक हॉटेल म्हणजे बाजार नव्हे. त्याला रोज दोन किलो माल लागतो आणि पैसे पंधरा दिवसांनीं मिळतात. चार-पांच शेतकऱ्यांनीं पाळ्या लावून, संघामार्फत भुसावळ व जळगांवच्या दहा-वीस हॉटेलांस माल पुरविला, तरच यांत अर्थ आहे.

दादांस मीं त्या रात्रीं एवढेंच म्हटलें कीं, जो मुलगा वीस गुंठे मागतो तो अजून शेतींत राहूं इच्छितो. उद्यां तो पुण्याचें तिकिट मागेल, तेव्हां हीच जमीन कोणाच्या नांवें पेरावयाची? दादांनीं उत्तर दिलें नाहीं. बिल चुकतें करतांना मात्र त्यांनीं मालकास विचारलें, "हा कोंवळा मका कोठून आणतां?" "नाशिकहून येतो, काका," तो म्हणाला. "आणि भाव?" भाव ऐकून दादांनीं तो पुन्हां एकदां विचारला.

पट्ट्याचें अजून कांहीं ठरलेलें नाहीं. पण परवां मी गेलों तेव्हां केळीच्या रोपांची मागणी नोंदविणें चाललें होतें, आणि दादांनीं ती वीस गुंठ्यांनीं कमी लिहविली.