नाव बाबासाहेबांचे, कॉकपिट कोणाचे?

नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. त्या नावाखालून रोज हजारो प्रवासी आत-बाहेर करतात. मात्र तिथून उडणाऱ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये बाबासाहेबांच्या समाजातले किती वैमानिक बसतात, हे कोणालाच सांगता येणार नाही. खासगी विमान कंपन्या नोकरवर्गाची जातवार आकडेवारी जाहीर करत नाहीत आणि ती करायला लावणारा कायदाही नाही. बायकांची संख्या मोजली जाते. भारतात सुमारे १५ टक्के वैमानिक महिला आहेत आणि जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास आहे, हे सरकार अभिमानाने सांगते, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण जातीचा प्रश्न आला की सगळ्यांची पाटी कोरी!

ही पाटी कोरी कशी राहते, हे समजायचे असेल तर कॉलेजातल्या एव्हिएशन क्लबकडे नीट पाहावे लागेल. मोठ्या शहरांतल्या इंजिनिअरिंग आणि विज्ञान महाविद्यालयांत आता असे क्लब दिसतात. तिथे विमानांची मॉडेल्स बनवतात, सिम्युलेटर बघायला जातात, एखाद्या कॅप्टनला व्याख्यानाला बोलावतात. कार्यक्रमाच्या शेवटी हमखास एक सल्ला दिला जातो : नेटवर्किंग करा. माणसे जोडा, लिंक्डइनवर सिनिअरला मेसेज टाका, चहा-कॉफीला भेटा, आत्मविश्वासाने बोला, ओळख ठेवा, नोकरी आपोआप चालत येईल.

क्लब वाईट नाहीत. मुले विमानावर प्रेम करतात, यात गैर काय? आमचा आक्षेप या सल्ल्याला आहे. तो सर्वांना सारखाच दिला जातो, पण सर्वांना सारखाच लागू पडत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या, जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असे त्याने दाखवले. नेटवर्किंगचे सगळे सल्ले या एका विचारावर उभे आहेत. पण भारतात जुजबी ओळख होते कुठे? लग्नात, सोसायटीत, क्लबात, मामाच्या मित्राच्या घरी. ही सगळी ठिकाणे जातीने आखलेली आहेत. ज्याचा मामा एअरलाइनमध्ये आहे त्याची ओळख जन्माच्या दाखल्याबरोबरच येते. ज्याचा मामा विमानतळावर झाडू मारतो, त्याचीही विमानतळावर ओळख आहेच की! मग ती ओळख नेटवर्कमध्ये का धरली जात नाही?

हा आमचा तर्क नव्हे, याला पुरावे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक ठेवला फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चजातीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की, ‘आम्ही फक्त मेरिट बघतो’ म्हणणारे हेच अधिकारी उमेदवाराला घरची पार्श्वभूमी आवर्जून विचारतात. २०१२ मध्ये देशातल्या एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के! ज्यांच्या हातात नोकरी आहे त्यांचे नेटवर्क असे आहे. तिथे ‘आत्मविश्वासाने बोला’ हा सल्ला म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला हसून नमस्कार करा म्हणण्यासारखे आहे.

दार उघडून आत गेल्यावर तरी सुटका होते का? २०२५ च्या जूनमध्ये एका बड्या विमान कंपनीतल्या अनुसूचित जातीच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने जातिवाचक अपमान झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली. कंपनीने आरोप फेटाळले. निकाल काय लागायचा तो लागेल. पण त्या तरुणाला कॉकपिटपर्यंत पोहोचूनही अॅट्रॉसिटीचा कायदा हाती घ्यावा लागला, एवढे तरी लक्षात ठेवू या.

मेरिटवाल्यांना टेनेरिफची आठवण

विमानाचा विषय निघाला की आरक्षणविरोधकांचा ठरलेला टोमणा येतो : ‘कोट्यातून आलेल्या पायलटच्या विमानात तुम्ही बसाल का?’ या टोमण्याला उत्तर द्यायला हवे, आणि ते विमानाच्या इतिहासातूनच देता येते.

वैमानिकाचा परवाना देताना डीजीसीए कोणालाही सूट देत नाही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण सर्वांनाच लागते, लेखी परीक्षेत प्रत्येक विषयात ७० टक्के सर्वांनाच लागतात, वैद्यकीय तपासणी सर्वांनाच सारखी. मागणी आहे ती त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची. परीक्षा सोपी करा, असे कोणी म्हटलेलेच नाही.

आता खरा धोका कशात असतो ते पाहा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकली आणि ५८३ माणसे मेली. धुके होते, रेडिओवरचे बोलणे एकमेकांत मिसळले होते. एका विमानाचा कॅप्टन त्या कंपनीतला अत्यंत नावाजलेला, इतरांना शिकवणारा माणूस. त्याच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना? त्याने विचारले. कॅप्टनने ठामपणे ‘हो’ म्हटले आणि विषय संपला. खालच्याने वरच्याला पुन्हा टोकले नाही. अशा अपघातांतून धडा घेऊन जगभरच्या विमान वाहतुकीने एक नवे प्रशिक्षण उभे केले, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. त्याचा गाभा एवढाच की, कॉकपिटमध्ये कनिष्ठाने न घाबरता प्रश्न विचारला पाहिजे आणि वरिष्ठाने तो ऐकलाच पाहिजे.

म्हणजे उतरंड माणसे मारते, हे विमानशास्त्राला अपघातांतून कळले. आपल्या देशात तर हजारो वर्षे उतरंडीलाच धर्म म्हणतात. वरच्याने बोलायचे आणि खालच्याने मान डोलवायची, ही सवय घेऊन कॉकपिटमध्ये बसणारा ‘मेरिटवाला’ जास्त धोकादायक की प्रश्न विचारत वाढलेला आंबेडकरी तरुण? टोमणा मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

इंग्रजीचा बागुलबुवाही असाच. आंतरराष्ट्रीय नियमानुसार वैमानिकाला इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. त्या पातळीवर उच्चारात मातृभाषेची छटा असली तरी चालते, समोरच्याला समजण्यात वारंवार अडथळा येऊ नये एवढीच अट आहे. कॉन्व्हेंटचा ठसका ही अट मुलाखतीच्या खोलीतली आहे, आकाशातली नव्हे.

ओळख हवीच, पण कोणती?

इथे आमचेच काही मित्र म्हणतील, मग नेटवर्किंग सोडून द्यायचे का? मुळीच नाही.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे त्याची शिफारस सयाजीराव महाराजांकडे केली. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्राने पैसे कर्जाऊ दिले. ही ओळखच होती. पण तिने कोणाचा हक्क डावलला नाही, अडवलेल्या माणसाला वाट करून दिली. वशिला आणि साथ यांत हा फरक आहे. आणि १९१७ मध्ये परदेशी शिक्षण घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा कोणी दिली नाही. नुसती पदवी जात पुसत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. म्हणून संघटन लागते.

पैशाचा हिशेब

देशात वैमानिक परवान्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यावर विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग वेगळे. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमावलीत वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात नाव घेऊन नोंदवलेला आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? आणि या शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख. अडीच लाख मिळवणाऱ्या कुटुंबाने वीस वर्षे अन्नाचा कण न खाता पैसे साठवले तर पन्नास लाख होतात. तीन लाख मिळवणारे कुटुंब मात्र सरकारच्या लेखी सधन! बँकेत गेले तर साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. भूमिहीनाने तारण काय ठेवायचे, सातबारा नसल्याचा दाखला?

राज्य सरकारने ठरवले तर वाट निघते. महाज्योतीने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. ते स्वागतार्हच आहे. मग अनुसूचित जाती-जमातींच्या किती विद्यार्थ्यांना सरकारी पैशातून आजवर परवाना मिळाला, याचा हिशेब समाजकल्याण, आदिवासी विकास आणि बार्टीकडे माहिती अधिकारात मागितलाच पाहिजे.

दुसऱ्या बाजूला दार बंद होत चालले आहे. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली आणि तिथले आरक्षण संपले. मुंबई-दिल्लीचे विमानतळ २००६ मध्येच खासगी हातांत गेले. एक एक विमानतळ जातो, तशा आपल्या जागा जातात. वृत्तपत्रांत त्याची बातमी ‘विकास’ या सदरात येते.

‘हे श्रीमंतांचे नाद’ म्हणणाऱ्यांना

वस्तीत पाणी नाही आणि तुम्ही विमानाच्या गप्पा मारता, असेही ऐकावे लागते. पाण्याचा लढा सोडा असे आम्ही म्हणतच नाही. पण चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने लंडनमध्ये अर्थशास्त्रही शिकले होते. शिवाय विमान म्हणजे फक्त पायलट नव्हे. एअर ट्रॅफिक कंट्रोलरची भरती करणारे विमानतळ प्राधिकरण आजही सरकारी आहे आणि तिथे आरक्षण लागू आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेला किंवा इंजिनिअर झालेला आपला मुलगा-मुलगी त्या परीक्षेला बसू शकते. विमान देखभालीच्या इंजिनिअरचा परवाना आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे केंद्र उभे आहे. आपली मुले एमपीएससीच्या एकाच दारापुढे आयुष्याची पाच-सात वर्षे उभी राहतात आणि शेजारच्या दाराची पाटीही त्यांनी वाचलेली नसते. माहिती दडवणे हीसुद्धा एक अस्पृश्यताच आहे.

मग करायचे काय?

आपला एव्हिएशन क्लब आपण काढायचा. त्याला महाविद्यालयाची परवानगी लागत नाही. वसतिगृहाची खोली चालते, विहाराचा हॉल चालतो. कामे साधी आहेत.

एक, दहावीनंतरच मुलांना सांगा की वैमानिक व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या. ज्यांचे ते सुटले त्यांना मुक्त विद्यालयातून हे विषय देता येतात.

दोन, कुठल्याही संस्थेत पैसा भरण्याआधी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी. चष्मा असला म्हणून नागरी वैमानिक होता येत नाही, हा गैरसमज आहे. रंगांधळेपणा मात्र अडचणीचा ठरतो. हे आधी कळले तर घर गहाण पडणार नाही.

तीन, संस्था डीजीसीएच्या यादीत आहे का, ते स्वतः तपासा. ‘नोकरीची हमी’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

चार, एनसीसीच्या एअर विंगमध्ये मुली-मुले घाला. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला विमानाच्या जवळ नेणारा हा सर्वांत स्वस्त रस्ता आहे.

पाच, या क्षेत्रात आपले जे कोणी पोहोचले आहेत, मग ते कंट्रोलर असोत, केबिन क्रू असोत की सामान चढवणारे लोडर, त्या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवा. लोडरला माहीत असते कुठल्या कंपनीत भरती निघणार आहे. नेटवर्क, नेटवर्क म्हणतात ते हेच.

आणि जे पोहोचले आहेत त्यांना एक स्पष्ट विनंती. जात लपवून जगण्याची तुमची मजबुरी आम्ही समजतो. नाव जाहीर करू नका, सभेला येऊ नका. पण आठवड्यातून एक तास एखाद्या मुलीच्या फोनला उत्तर द्या. फॉर्म कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात, कुठे फसवतात, एवढे सांगा. केळुसकर गुरुजींनी एक पुस्तक दिले होते. तुम्हाला एक तास द्यायचा आहे.

या जयंतीला मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा विषय निघेल तेव्हा एक ठराव मांडा. मिरवणुकीच्या खर्चातला ठरावीक वाटा वस्तीतल्या मुलामुलींच्या परीक्षा शुल्काला आणि वैद्यकीय तपासणीला. ठराव नामंजूर झाला तर पुढच्या बैठकीत पुन्हा मांडा. आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्याआधीच टाका, त्याला जयंतीची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम!